वासाचा पत्ता

सुकलेल्या थाइमची बाटली पहिल्यांदा उघडली की मराठी नाकाला एकच ओळख पटते : ओवा. बाटलीत ओव्याचे दाणे कुठेच नसतात. दिसतात ती राखाडी-हिरवी, तांदळाच्या कणीएवढी, काडीकचरा वाटावा अशी पानं. पण वास तोच. कडबोळ्यांच्या पिठात मळलेला, कांदाभज्यांच्या घाण्यातून वर येणारा, पोट दुखलं की चिमूटभर मिठाबरोबर चावायला लावलेला.

नाकाचं काही चुकलेलं नसतं. ओव्यात आणि थाइममध्ये वास देणारा रेणू खरोखरच एक आहे, आणि त्याचं नाव थायमॉल. नाव थाइमवरून पडलं असलं तरी तो ओव्यातही भरपूर असतो. ओवा हा कोथिंबीर, जिरं, बडीशेप यांचा भाऊबंद. थाइम तुळशीच्या आणि पुदिन्याच्या कुळातलं. दोन्ही कुळांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही. त्यात तिसरा गडी म्हणजे आपल्या गॅलरीतल्या कुंडीत वाढणारा पानओवा. त्याच्या जाड, लवदार, मांसल पानांची भजी पावसाळ्यात करतात. नावात ओवा असला तरी हा पानओवा तुळशीच्याच कुळातला, म्हणजे नात्यानं थाइमला जवळचा. आयुर्वेदात त्याला पर्णयवानी म्हणतात. त्याच्या तेलात थायमॉलचा जुळा भाऊ कार्व्हाक्रॉल मुख्यत्वे सापडतो. दोघांतही कार्बनचे दहा, हायड्रोजनचे चौदा आणि ऑक्सिजनचा एक अणू. त्या ऑक्सिजनची जागा एक घर इकडे की तिकडे, एवढाच फरक.

थाइम या नावाचा उगम ग्रीक भाषेत आहे. धूर करून देवाला अर्पण करणे या अर्थाच्या धातूशी तो जोडला जातो, आणि आपला 'धूम' हा संस्कृत शब्दही त्याच आदिम मुळाकडे जातो. मला हे नातं फार जवळचं वाटतं, कारण ओव्याची आणि धुराची जोडी मराठी घराला नवी नाही. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा टाकायच्या आणि बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची, ही रीत अनेक घरांनी कालपरवापर्यंत पाळली. भूमध्य समुद्राच्या काठी थाइमचा धूर करणाऱ्यांना आणि कोकणातल्या माजघरात ओव्याची धुरी देणाऱ्या सुइणीला एकमेकांची खबर नव्हती. निखाऱ्यावरून उठणारा वास मात्र एकाच कुळीचा होता.

ओव्या-थाइममधला हा रेणू वेगळा काढला तो १८व्या शतकाच्या सुरुवातीला, बर्लिनमधले औषधनिर्माते कास्पर नॉयमान यांनी. थाइमच्या तेलातून निघालेले पांढरे स्फटिक कापरासारखे दिसत, म्हणून त्याला थाइमचा कापूर म्हणत. १८५३ मध्ये फ्रान्समधल्या लालमाँ यांनी त्याची रासायनिक घडण तपासली आणि थायमॉल हे नाव रूढ झालं. पुढे जंतुनाशक म्हणून त्याला मागणी आली. १८७९ मध्ये बाजारात आलेल्या लिस्टरीन या द्रावणात ते होतं, आजही आहे. पण थाइमच्या पाल्यातून तेल निघतं थोडं. ओव्याच्या दाण्यांतून त्याहून कितीतरी जास्त, साधारण दोन ते चार टक्के, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग थायमॉल. व्यापाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. पहिल्या महायुद्धाआधी जगातलं बहुतेक थायमॉल जर्मनीत तयार होई, आणि त्यासाठी ओवा जाई भारतातून. युद्ध पेटलं, तो रस्ता बंद झाला, आणि मग इथंच ओव्यातून थायमॉल काढण्याची धडपड सुरू झाली.

ते कशाला लागत होतं, हे सांगायलाच हवं. १९०९ मध्ये अमेरिकेत रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमींच्या निर्मूलनासाठी एक आयोग नेमला गेला. दक्षिणेकडच्या राज्यांतली अनवाणी शेतकरी माणसं या जंतांनी रक्त शोषल्यामुळे फिकट, थकलेली असत. त्यांना देण्याचं औषध होतं थायमॉल, आणि नंतर जुलाबासाठी एप्समचं मीठ. औषध घेतल्यावर तेलतूप आणि दारू वर्ज्य. थायमॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ते आतड्यात राहून जंतांवर काम करतं, पण तेलात किंवा दारूत विरघळून रक्तात शिरलं तर रोग्यालाच विषबाधा होते. आपल्याकडे पोरांना जंत झाले की आजी गुळाबरोबर ओवा खायला घालत असे. तिच्या चिमटीतला आणि अमेरिकेतल्या त्या कॅप्सूलमधला पदार्थ एकच होता. प्रमाणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि अशा औषधात प्रमाणावरच सारं असतं.

थायमॉलचे स्फटिक आपल्या आयुर्वेदिक दुकानांत 'ओव्याचं फूल' म्हणून मिळतात. फुलाशी त्यांचा काही संबंध नाही. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत घालून हलवलं की तीन कोरडे, पांढरे पदार्थ डोळ्यांदेखत विरघळतात आणि त्यांचं पाणी होतं. तीच अमृतधारा. पाण्याचा थेंबही न घालता द्रव कसा झाला, याचं नवल वाटतं. या स्फटिकांचे रेणू एकमेकांत मिसळले की प्रत्येकाची नेटकी रचना मोडते, आणि मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली येतो. एकटं थायमॉल मात्र ५० अंशांच्या आसपास वितळतं.

आता झाडाकडे येऊ. थाइमची थायमस ही प्रजाती मोठी, दोनशेहून अधिक जातींची. तिचं माहेर भूमध्य समुद्राभोवतीचा मुलूख, त्यातही स्पेन आणि मोरोक्को. तिथून ती युरोपभर, आशियात आणि थेट ग्रीनलंडपर्यंत पसरली आहे. भारतात ती हिमालयात भेटते. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या डोंगरउतारांवर, दगडांच्या कडेनं चटईसारखं पसरलेलं, जांभळट गुलाबी फुलांचं जे झुडूप असतं ते थायमस लिनिअरिस. पहाडी लोक त्याला बन अजवायन म्हणतात, म्हणजे रानओवा. बाटली उघडल्यावर आपल्याला जी ओळख पटली, तीच त्यांनाही पटली होती. सह्याद्रीत हे झाड उगवत नाही. पावसाळ्यातला चार महिन्यांचा चिखल त्याला सोसवत नाही.

थाइमचं झुडूप वीतभर उंचीचं, कधी जमिनीलाच चिकटून सरपटणारं, पण खोड लाकडासारखं टणक. तुळशीच्या कुळाच्या सगळ्या खुणा अंगावर : चौकोनी काटकी, समोरासमोर पानं, दोन ओठांचं फूल. पानांच्या कडा खालच्या बाजूला वळलेल्या, पाणी वाचवण्यासाठी. भिंगातून पाहिलं तर पानावर ठिपक्यांसारख्या इवल्या ग्रंथी दिसतात. झाड तेल बनवतं ते याच ग्रंथींत, आणि साठवतंही तिथंच, पेशींच्या बाहेर, पातळ उपत्वचेच्या फुग्याखाली. याचं कारण उघड आहे. थायमॉल जिवंत पेशींचं आवरण विसकटतं. जीवाणूंना ते मारतं ते याच मार्गानं. झाडाच्या स्वतःच्या पेशीही त्याला अपवाद नाहीत, म्हणून हे तेल घराबाहेरच्या कोठारातच ठेवावं लागतं. कोणी पान चावलं, चुरडलं की फुगे फुटतात आणि वास सुटतो. झाड हा रेणू नेमका कसा घडवतं, त्याच्या सगळ्या पायऱ्या तर अगदी अलीकडे, २०२१ मध्ये उलगडल्या.

थाइमला हवं असतं ऊन, कोरडी निकस जमीन आणि आखूड गवत. गवत माजलं की ते झाकलं जातं आणि मरतं. या एका गोष्टीवर एका फुलपाखराचं जगणं-मरणं ठरलं. ती हकीकत मला थाइमच्या साऱ्या गोष्टींत सर्वांत हलवून टाकणारी वाटते.

लार्ज ब्लू हे निळ्या पंखांवर काळे ठिपके असलेलं फुलपाखरू. त्याची मादी थाइमच्या कळ्यांत अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे फूल खाते आणि मग एके दिवशी झाडावरून सरळ जमिनीवर पडते. तिथं मिरमिका प्रजातीच्या तांबड्या मुंग्या फिरत असतात. अळी गोड थेंब पाझरते, मुंगीच्या पिल्लासारखा गंध धारण करते आणि मुंगी तिला आपलंच हरवलेलं लेकरू समजून वारुळात उचलून नेते. आत ही पाहुणी मुंग्यांची पिल्लं खाऊन दहाएक महिने वाढते. तिच्या वजनातला जवळजवळ सगळा भाग तिथंच चढतो. पुढच्या उन्हाळ्यात कोषातून निघालेलं फुलपाखरू वारुळातून चालत बाहेर येतं आणि पंख वाळवतं.

इंग्लंडमधून हे फुलपाखरू हळूहळू नाहीसं होत होतं. संग्राहक पकडून नेतात असा संशय होता, म्हणून एका ठिकाणी कुंपणही घातलं. कुंपणानं माणसांबरोबर चरणारी जनावरंही अडवली, आणि फुलपाखरू तिथूनही गेलं. पुढे १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीत ससे मेले आणि गवत आणखी वाढलं. खरं कारण जेरेमी थॉमस या संशोधकानं वर्षानुवर्षं माळावर बसून शोधलं. अळी अनेक तांबड्या मुंग्यांच्या हाती लागली तरी जगते ती बहुतेक एकाच जातीच्या, मिरमिका साबुलेटीच्या घरी. या मुंगीला ऊबदार जमीन लागते. गवत दोन-तीन सेंटिमीटरच्या वर गेलं की मातीवर सावली पडते, जमीन दोन-तीन अंशांनी थंड होते आणि ती मुंगी निघून जाते. माळावर थाइम दिसत होतं, गवत हिरवं होतं, मुंग्याही होत्या, पण त्या दुसऱ्याच. हे कळेपर्यंत उशीर झाला आणि १९७९ मध्ये इंग्लंडमधलं शेवटचं लार्ज ब्लू गेलं. १९८० च्या दशकात स्वीडनमधून अळ्या आणून, आधी माळ गुरांकडून चारवून, फुलपाखरू पुन्हा वसवलं गेलं आणि ते टिकलं. कास पठारावरचं कुंपण आणि चराईबंदी यांवरची चर्चा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

थाइमची आणखी एक तऱ्हा चार्ल्स डार्विननं १८७७ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली होती. या झुडपांत काहींची फुलं द्विलिंगी असतात, तर काही झुडपं निव्वळ मादी, त्यांच्या फुलांत परागच नसतात. मादी झुडपांना बी अधिक धरतं, हेही त्यानं मोजून पाहिलं. आता कळतं की पराग बंद पाडणारी जनुकं पेशीतल्या मायटोकाँड्रियात असतात. ती फक्त आईकडून उतरतात, त्यामुळे परागावर खर्च न करता बीच जास्त करणं त्यांच्या फायद्याचं. केंद्रकातली दुसरी जनुकं पराग पुन्हा सुरू करतात. एकाच झाडाच्या आत दोन पक्षांची अशी ओढाताण चालते. दक्षिण फ्रान्समधल्या काही माळांवर निम्म्याहून जास्त झुडपं मादी असतात.

याच दक्षिण फ्रान्समध्ये वासाची खरी गोष्ट घडली. माँपेलिए शहराच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर सँ-मार्तँ-द-लाँद्र नावाचं गाव आहे. भोवती चुनखडीच्या टेकड्या, मध्ये बशीसारखं खोरं. थायमस व्हल्गारिस, म्हणजे स्वयंपाकातलं नेहमीचं थाइम, इथं रानात उगवतं, आणि सगळीकडे सारखंच दिसतं. फरक कळतो तो पान चुरडल्यावर. टेकडीच्या खडकाळ उतारावर पान चुरडलं तर ओवा. काही किलोमीटर चालून खोऱ्यात उतरलं आणि तशाच झुडपाचं पान चुरडलं, तर ओव्याचा मागमूसही नाही.

या भागात एकाच जातीच्या थाइमचे सहा वास सापडतात. प्रत्येकात तेलाचा मुख्य घटक वेगळा. आपल्या नाकानं त्यांची ओळख करून घेतली तर ती अशी होईल. जिरॅनिऑलचा वास खानदेश-निमाडात ज्याचं तेल काढतात त्या रोशा गवताचा. लिनलूल म्हणजे धण्यांच्या तेलातला मुख्य घटक. थुजानॉल गजऱ्यात ओवलेल्या मरव्याच्या जवळ जातो. टर्पिनिऑल पाइनच्या तेलाची आठवण करून देतं. उरले कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल, आपल्या पानओव्याचं आणि ओव्याचं घराणं. शेवटच्या या दोघांना रसायनशास्त्रात फिनॉल म्हणतात. पहिले चार फिनॉल नव्हेत.

कोणत्या झुडपाला कोणता वास, हे जनुकं ठरवतात, आणि त्यांची रचना जिन्यासारखी आहे. १९८० च्या दशकात माँपेलिएच्या संशोधकांनी संकर करून करून ती मांडली. सर्वांत वरच्या पायरीवर जिरॅनिऑल. त्याचं प्रभावी जनुक असेल तर झाड जिरॅनिऑलच बनवणार, खालच्या पायऱ्यांवर काहीही असो. ते नसेल तर टर्पिनिऑलची पाळी, मग थुजानॉल, मग लिनलूल, मग कार्व्हाक्रॉल. यांतलं एकही नसेल, तेव्हाच झाड थायमॉल बनवतं. ज्या वासामुळे या प्रजातीला जग ओळखतं, तो जिन्याच्या अगदी तळाशी आहे.

मग खोऱ्यात फिनॉल का नाही? उत्तर थंडीत आहे. हिवाळ्यातल्या निवांत रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि बशीच्या तळाशी साठते. महाबळेश्वरात गावापेक्षा वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, ती याच कारणानं. सँ-मार्तँच्या खोऱ्यात मात्र नुसतं दव गोठत नसे, पारा शून्याखाली पंधरा अंशांच्याही पलीकडे जाई. संशोधकांनी दोन्हीकडची झुडपं एकमेकांच्या जागी लावून पाहिली, थंडीत ठेवून तपासली. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच कडाक्याचं हिव पडलं तर फिनॉलवाली झुडपं अधिक मरतात. उलट उन्हानं तापलेल्या, मातीचा पत्ता नसलेल्या खडकाळ उतारावर तीच सरस ठरतात. एकीकडे हिव, दुसरीकडे दुष्काळ, आणि दोघांच्या मध्ये वासाची सीमारेषा. काही ठिकाणी ती इतकी स्पष्ट की पाच-दहा मिनिटांच्या चालीत वास बदलावा.

खाणाऱ्यांचाही यात हात असतो. गोगलगाई आणि इतर जीवांना वेगवेगळ्या वासांची पानं देऊन पाहिली, तेव्हा प्रत्येकाची आवड निराळी निघाली. सगळ्यांना दूर ठेवील असा एकही वास सापडला नाही. त्याहून विलक्षण वाटतं ते शेजारच्या गवताचं. थाइमखालच्या मातीत पानांतून झिरपलेलं तेल असतं, आणि ते इतर झाडांना जाचतं. ब्रोमस नावाचं तिथलं गवत मात्र ज्या वासाच्या थाइमशेजारी पिढ्यान्‌पिढ्या उगवलं, त्या वासाच्या मातीत अधिक चांगलं वाढतं. दुसऱ्या वासाच्या मातीत नेलं तर तितकं नाही. गवताला नाक नाही, पण त्याच्या वंशानं शेजाऱ्याचा वास अंगवळणी पाडून घेतला आहे.

स्वयंपाकघरात आपण समजतो की वास हा झाडाचा ठरलेला गुण. थाइम म्हणजे हा वास, धणे म्हणजे तो. सँ-मार्तँची झुडपं पाहिल्यावर मला ते तसं मानणं जड जातं. तिथं वास सांगतो झुडूप कुठे उभं आहे : उतारावर की तळाशी, रात्रीचं हिव कुठवर साचतं, उन्हाळ्यात पाणी कुठे आटतं. पान चुरडून डोळे मिटले तरी जागा कळावी.

या भागातल्या थाइमच्या वासांचा नकाशा पहिल्यांदा नीट तयार झाला तो १९७० च्या दशकात. सुमारे पस्तीस वर्षांनी जॉन थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी त्याच जागी पुन्हा गेले, पुन्हा पानं गोळा केली, पुन्हा तेलं तपासली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८० च्या दशकानंतर खोऱ्यात पूर्वीसारखी मारक थंडी पडलेली नाही. जिथं आधी फिनॉलचं एकही झुडूप नव्हतं, अशा काही जागी आता ती उगवलेली सापडली. सीमेलगतच्या माळांवर त्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. चाळीस वर्षांच्या आत, माणसाच्या एका उमेदीच्या काळात, हा बदल झाला होता. धण्या-मरव्याच्या वासाच्या खोऱ्यात टेकडीवरचा ओवा हळूहळू खाली उतरतो आहे.